एक रात्र की तीन

रविवारी चारच्या सुमाराला आम्ही हार्लनच्या गॅरेजात जमलो,
पाने-पकडी बाजूला सारून नकाशा पसरला.
संघांची नावं टीव्हीवर यायला अजून एक तास होता.
बाहेर नांगरलेल्या बर्फाचे ढीग काळे पडलेले,
आयोवाचा मार्च, धड थंडी नाही, धड नाही असंही नाही.

स्पोकेन, टॅम्पा, पिट्सबर्ग, नाहीतर विचिटा.
चारही गावांत व्हर्डाने खोल्या धरून ठेवलेल्या,
चारही हॉटेलवाल्यांना तीच थाप:
'हो हो, नक्की येतोय.'
बाजारात तुरी म्हणतात ते हेच.
पण तिची वही बघा:
मैल, पेट्रोल, टोल,
हार्लनच्या गुडघ्यासाठी दर दीड तासाला थांबा,
त्या थांब्यांवर कॉफी कुठे बरी मिळते तेसुद्धा.
बत्तीस वर्षं धान्याच्या कोठारावर हिशेब ठेवलेत तिने,
दाण्यादाण्याचे.

एमिना म्हणाली, माझं सामान वीस मिनिटांत होतं.
बोस्निया सोडला तेव्हा आईला दहाच मिळाली होती.
आणि हसली. आम्हीही हसलो, जरा उशिरा.

गुरुवारी सामना. जिंकलं तर शनिवारी दुसरा.
म्हणजे खोली घ्यायची एक रात्र की तीन?
यावरून भांडण.
आमच्या चिमुकल्या कॉलेजचं नाव लागायची ही तिसरी खेप.
आधी दोन्हीदा तीन रात्रींचे पैसे भरले
आणि पहिल्याच संध्याकाळी गाशा गुंडाळला.
'एकच,' व्हर्डा म्हणाली. 'दृष्ट मी लावणार नाही.'
हार्लन म्हणाला, 'ही दृष्ट नाही, कंजूषपणा आहे.'
मी गप्प. माझ्याकडे गाडीही नाही, वहीही नाही,
मी फक्त सँडविचेस करते.

पाचनंतर नाव झळकलं:
चौदावं मानांकन. विचिटा.
व्हर्डाने तिथल्या तिथे तीन फोन करून तीन गावं पुसली.

आठ तासांचा रस्ता, अकरा तास लागले.
सामन्याचं मी काय सांगू,
शेवटची चाळीस सेकंदं मी एमिनाच्या स्कार्फात तोंड खुपसून होते.
दोन गुणांनी जिंकलो.
हार्लन रडला, गुडघ्यामुळे म्हणाला.

मग लक्षात आलं, उद्या रात्री झोपायचं कुठे.
गावात कुठेच जागा नाही.
वाहनतळावर नारिंगी टोप्यांची माणसं
शनिवारची तिकिटं विकत उभी होती,
नजर चुकवत, चोरीचा माल असल्यासारखी.
त्यातला एक म्हातारा, बायको, दोन झोपाळलेले नातू.
त्याने तीन रात्री धरल्या होत्या. पैसे परत मिळत नव्हते.
चावीचं कार्ड व्हर्डाच्या हातात ठेवून म्हणाला,
'सकाळी निघतोय आम्ही. दोनशे चौदा.'
तिने पाकीट काढलं. त्याने मान हलवली.
'पुढचाही जिंका. म्हणजे सांगता येईल,
हरलो, पण कुणाकडून ते बघा.'

शुक्रवारी दुपारी दार उघडलं.
पलंगाखाली एक छोटा नारिंगी मोजा.
आरशावर साबणाने, पोराच्या वाकड्या अक्षरात:
शनिवारी आपण!
कुणीच पुसलं नाही.
दात घासताना अक्षरांच्या फटींतून
आम्ही आपापले चेहरे शोधत राहिलो.

रात्री जाग आली तर व्हर्डाचा पलंग रिकामा.
दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ती फोन धरून बसलेली,
मांडीवर वही, कानामागे पेन्सिल,
पुढच्या गावाच्या, पुढच्या आठवड्याच्या हॉटेलशी बोलत.
'हो हो,' म्हणाली, हळू आवाजात.
पलीकडून बहुधा विचारलं असावं, किती रात्री.
बराच वेळ ती काहीच बोलली नाही.