मूळ गाव

पोलीस ठाण्याचा फॉर्म चार पानी.
बाहेरून आलेल्या कामगाराची माहिती, दोन प्रतींत,
फोटो तीन. भरायचा मी,
कारण गुजरीतल्या माणगावेशेठच्या पेढीवर
अक्षर म्हणावं असं माझंच.

नाव: गौरहरी सामंत.
"सामंत? मग कोकणातलं की हो तुम्ही!"
शेठ म्हणाले आणि एकटेच हसले.
अकरा वर्षं गौरहरी माडीवर बसून
साजाची पानं ठोकतोय.
कुठल्या गल्लीतल्या लग्नाचा साज, लाख किती, सोनं किती,
सगळं त्याला ठाऊक.
त्याचं गाव आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मूळ गावाच्या रकान्याला दीड ओळ आहे.
ती पुरेना तेव्हा त्यानं
माझ्या खतावणीवर साजाची सुटी पानं मांडली.
हा शंख, इथं थाना.
हे बेलपान, मंगळवारचा आणि शनिवारचा हाट.
मासा आडवा ठेवला, नदी म्हणून,
मग उचलून बोटभर अलीकडं:
"आजोबांच्या वेळी तिथं. आता इथं."
पटवणीचा दोरा टाकून बांध आखला.
गाव बांधाच्या आत की बाहेर?
आत, म्हणाला. आत पाणी लवकर येत नाही,
आलेलं मग जातही नाही.

"जिल्ह्यात पिकतं काय?"
फॉर्ममध्ये नव्हतं, तरी मी विचारलं.
भात. झेंडू. चटईची मादूरकाठी.
बटाटा, जो शीतगृहात इतका राहतो
की विकून भाडंसुद्धा सुटत नाही.
पणजोबांच्या आधी नीळ होती;
साहेबाच्या हौदात आता पोरं क्रिकेट खेळतात,
तळ फोडून जांभूळ आलंय, तोच स्टंप.
मग रेशीम.
रेशमानंतर बरीच वर्षं काहीच नाही.
मग कुणी एक जण परगावी सोन्याच्या कामाला गेला
आणि पुढच्या पूजेला मनगटावर घड्याळ घालून आला.

आता त्यांच्या पाड्यात अठ्ठावीस घरं,
घराला आडनाव नाही, शहर आहे:
सुरतवाले, राजकोटवाले, एक कोइमतूरवाले.
"आमचं कोल्हापूर-बाडी."
बाडी म्हणजे घर, आपली वाडी नव्हे.
खालचा मजला नुसते खांब,
पाण्याला जायला वाट.
वर बायको, वर शेळी, वर टीव्ही,
आणि खांबाला डोंगा, बाराही महिने बांधलेला.
उन्हाळ्यात त्यात कोंबडी अंडी घालते.

इथं माझं पेन थांबलं.
आम्ही शाहूपुरीतले.
त्या साली पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला होतं
आणि एकमेकांना भेटलो की जेवलात का नाही,
राजाराम बंधाऱ्याला किती फूट, हेच विचारायचो.
आईचं शिलाई मशीन अजून कुरकुरतं.

गौरहरी खाली बघत म्हणाला,
"तेव्हा तुम्ही सगळे रडत होता.
मी माडीच्या खिडकीतून बघत होतो.
रस्त्यातून नाव आली, नावेत म्हातारी, म्हातारीच्या मांडीवर पितळी डबा.
राग नका मानू, दादा.
मला घरी आल्यासारखं वाटलं."

राग आला. खरं सांगतो, आला.
मग काय लिहू ते कळेना,
म्हणून त्यालाच विचारून लिहिलं:
बांधाच्या आत.

पानं गोळा करून काट्यावर ठेवली.
शंख, बेलपान, कमळ, नाग,
मासा धरून वजन बरोबर भरलं.

ठाण्यात हवालदारानं फॉर्म उलटा धरला, मग सुलटा.
"सामंत. मालवण का?"
"नाही साहेब," गौरहरी म्हणाला,
"कोल्हापूर-बाडी."
हवालदारानं शिक्का मारताना
बाडीचं वाडी करून घेतलं.