साठ रोपांची पावती

नर्सरीचं जुनं पावतीपुस्तक अजून माझ्याकडे आहे.
कार्बनची निळी अक्षरं, जराशी पुसट:
फाउंटन ग्रास, साठ नग, आसगाव, पोचवून.
खाली सही चंद्रावती हळर्णकर,
म्हणजे मीच.

बंगल्याच्या बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला होता.
कुठल्याशा कोरड्या देशातलं अंगण,
गुलाबी तुरे एकाच बाजूला कललेले.
"असं हवं," त्या म्हणाल्या, "हलणारं."
मिळेल, म्हटलं.
पाणी कमी लागतं, कीड लागत नाही,
गुरं खात नाहीत.
मोठ्या तोंडाने सांगितले तिन्ही गुण.
आता तीच आरोपाची कलमं झालीत,
आणि मी सारा जन्म कलमं बांधणारी बाई.

तिसऱ्या भाद्रपदात सड्यावर गेले,
जांभ्याच्या खळग्यांत सीतेची आसवं
निळी झाली का बघायला.
बाबलो झोरे म्हशी घेऊन उभा.
बोलला नाही, काठी पुढे केली फक्त.
रस्त्याच्या कडेने, गटाराच्या फटीतून,
पार चिऱ्यांच्या खाणीपर्यंत
झुपक्याला लागून झुपका.
तुरे तेच.
कललेलेही त्याच बाजूला.
"म्हशी तोंड लायनात," तो म्हणाला.
"शिमग्यात आग लागली, सगळं काळं झालं,
आन पयलं हेंच हिरवं."
मी मोजायला लागले होते.
साठ झाल्यावर थांबले.

बाहेरचं आहे म्हणून राग नाही माझा.
काजू बोटीतून आला, अननस आला,
मिरची तर आमच्या हुमणात बसली घरच्यासारखी.
माझी आई घाटावरून आली, तीही बसली.
कुठून आलास, हे मी विचारत नाही;
शेजाऱ्याला उभं राहू देतोस का,
तेवढं सांग.
हे मी रुझारला म्हटलं, पहार उचलता उचलता.
तो म्हणाला, "बाय, हें पंचायतीत बोलूं नाका."

आम्ही बंगल्यावर गेलो
घरातल्या जुन्या उशांचे अभ्रे घेऊन.
आधी तुऱ्याला अभ्रा, मग सुतळी,
मग कोयता. उलटं केलं तर
वाऱ्यालाच पेरणीला बोलावल्यासारखं.
बाई गॅलरीतून बघत होत्या.
"हे तुम्हीच विकलंत ना?"
होय, म्हणून तर फुकट उपटतेय.
त्या काही वेळ गप्प होत्या.
मग खाली आल्या, चपला काढल्या,
आणि एका गड्ड्याला हात घातला.
गड्डा हलला नाही.
रुझार हसला, मीही. मग त्याही.

पुढल्या पावसात उतारावर वाळा लावला,
भिंतीकडेला गवती चहा,
आणि एक कोपरा मुद्दाम तसाच सोडला,
सड्याची माती टाकून, काही न लावता.
तिथे तेरडा आला. एक दवबिंदूही आला,
करंगळीच्या नखाएवढा, चिकट, उपाशी.
वाळ्याकडे बघून बाईंनी विचारलं,
"हा हलेल?"
हलेल, म्हटलं.
पण त्याचं खरं काम खाली आहे,
ते तुम्हाला फोटोत दिसायचं नाही.

बाबलोच्या सड्यावर आम्ही अजून जातो,
दर रविवारी, अभ्रे घेऊन.
संपलेलं नाही. संपेल असंही म्हणत नाही.

काल रात्री साडी झटकताना
निऱ्यांतून एक बी पडलं,
पिसासारखं, जवळजवळ वजनच नसलेलं.
पंखा बंद केला.
सेलोटेपच्या तुकड्याखाली दाबून
ते त्याच पावतीवर चिकटवलं
आणि बाजूला पेनाने लिहिलं:
परत, एक नग.