अंगठ्याचं वजन

राखेच्या बुधवारी दुकानाचं दार बंद.
आकड्यांना काही लटकत नाही.
माश्या येतात, कोरड्या ठोकळ्यावर
जुन्या ओळखीनं एक फेरी मारून जातात.
बायको परसात निवडुंगाचे काटे सोलत बसलेली,
गल्लीभर सुक्या कोळंबीचा वास,
आणि चाळीस दिवस आमच्या गावात
खाटकाला नमस्कार जरा कमीच.

रांगेत माझ्यापुढे दोन्या रेफुखियो.
गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख.
फादरांचा अंगठा आधी तिच्या कपाळावर,
मग माझ्या.
"माती आहेस, एपिफानियो," म्हणाले,
आणि अंगठा क्षणभर दाबून धरला.
मला दाब कळतो.
धंदाच आहे माझा.

एकोणीस वर्षं झाली.
दर शनिवारी ती पाव किलो डुकराचं मांस मागते
आणि मी कागदावर तुकडा ठेवताना
अंगठा पारड्याच्या काठावर विसरतो.
विसरतो म्हणजे,
विसरत नाही.

जाळीपलीकडे फादर खोकले.
"मापात पाप," मी म्हटलं.
"किती?"
"किती वेळा, की किती ग्रॅम?"
बराच वेळ काही ऐकू आलं नाही.
मग म्हणाले, घेतलंस ते परत कर.
माळेचे मणी सांगितले असते तर
संध्याकाळपर्यंत मोकळा झालो असतो.

घरी येऊन तराजू पुसला.
अंगठा ठेवला, रोज ठेवतो तसा,
ना दाबून, ना उचलून.
चाळीस ग्रॅम.
देवाला हिशेबात असली यमकं आवडत असतील,
मला घाम फुटला.
कपाळावरची राख ओघळून भुवईत आली.
एकोणीस वर्षांचे शनिवार, गुणिले चाळीस:
एक अख्खं डुक्कर, मुंडक्यासकट,
मी त्या विधवेच्या ताटातून
चिमटी-चिमटीनं ओढून आणलं होतं.

उपवास सोपा.
पोटाला दटावता येतं,
दुपारी एकदा जेव, बाकी गप्प बस.
अंगठा कुणाचं ऐकतो?
शनिवारी त्याला चिंधी गुंडाळली
आणि दुकान उघडलं.

ती आली. पाव किलो म्हणाली.
मी मापून दिलं, वर एक तुकडा जास्त.
तिनं पुडी तळहातावर तोलली.
"आज जड आहे."
"बरोबर आहे, दोन्या."
"एवढी वर्षं हात माझाच आहे ना?"
पुडी सोडली,
वरचा तुकडा उचलून ठोकळ्यावर ठेवला.

"तू मागे ठेवायचास तेवढं
मी नाबोरच्या नावानं सोडलं होतं.
सीमा ओलांडायला गेला तेव्हापासून.
दर शनिवारी, तेवढा घास.
तो पोचला की नाही कळेपर्यंत
मोडायचं नाही म्हणून ठरवलंय.
तू मधेच प्रामाणिक होऊन
माझं व्रत का मोडतोस?"

काय बोलणार.
चोरलेलं परत करता येतं,
दिलेलं कसं करायचं,
हे फादरांनी सांगितलं नव्हतं.
तुकडा हातात धरून उभा राहिलो,
एखादं लहान मूल कुणीतरी
सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

पायरीवरून ती वळली.
"कापलंय वाटतं? कोरफड लाव."

चिंधीखाली अंगठा धडधाकट होता.