वीस मिनिटं

कफ्र अल-लौझला पोचेपर्यंत बर्फाच्या पिशव्या घामेजल्या होत्या.
बर्सीमच्या भाऱ्यावर बसलेल्या पोरानं
हिंदावीकाकांचं घर दाखवलं, न विचारताच.
"गोळ्यांवाली आली," तो म्हशीला म्हणाला.

आमचा अभ्यास साधा आहे.
विषाणू बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. रोज एक, पाण्याबरोबर.
तो गेल्यावर यकृतावरचे व्रण
किती मागे सरतात, किती वर्षांत, कोणाचे सरतच नाहीत,
एवढंच मोजायचं.
बरगड्यांच्या फटीत यंत्र टेकवायचं, ते टकटक करतं
आणि काळीज किती घट्ट झालंय ते आकड्यात सांगतं.
मऊ असलं तर पाच.
दगड झालं असेल तर पंचाहत्तर.

काकांनी काळा चहा दिला, निम्मा ग्लास साखर.
मग आपणहून बोलायला लागले,
जणू मी उशिरा निघालेली सुनावणी होते.

"पोरांच्या लघवीतून रक्त पडायचं.
कालव्यातल्या गोगलगायी, दुसरं काय.
सरकारनं औषध दिलं, मला पांढरा कोट दिला,
काचेच्या सहा सिरिंजा, एक स्टोव्ह, एक पातेलं.
वीस मिनिटं उकळायचं, असं शिकवलं होतं.
वीस मिनिटं.
आणि रांग शाळेच्या फाटकाबाहेर, पार कालव्याच्या पुलापर्यंत…"

बाहेर पाण्याचा पंप धापा टाकत होता.

"पोरं ओकायची, खोकायची. पुढच्या आठवड्याला परत यायची.
लघवी साफ झाली की आया मला अंडी आणून द्यायच्या."

मन्सूराच्या प्रयोगशाळेत आम्ही विषाणूची अक्षरं वाचतो.
नक्कल करताना तो चुकतो.
त्या चुका मोजत मोजत मागं गेलं
की वंशावळीला फांद्याच फांद्या फुटलेल्या दिसतात
बरोबर त्याच वर्षांत, त्याच रांगेच्या आसपास.
हे मी काढलं नाही.
त्यांनीच विचारलं, "माझ्या हातून किती?"

सुईला हस्ताक्षर नसतं, काका.
न्हाव्याचे वस्तरे होते, दात काढणारे होते, बाळंतपणं होती,
मी म्हणाले.
हे खरं आहे. पुरेसं खरं नाही.

त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. बराच वेळ.
"तू शौकियाची ना?
चौथीत होती. कधी रडली नाही.
बाही स्वतःच वर करायची.
पुढं दमन्हूरला दिली तिला, मग खबर नाही.
कशी आहे?"

माझ्या आईचा एक तुकडा
तांदळाच्या कणीएवढा
उणे ऐंशी अंशांच्या कपाटात आहे,
तिसरा कप्पा, क्रमांक तीनशे सतरा.
गोळ्या आल्या त्याच्या दोन हिवाळे आधी
तिचं पोट पाण्यानं तटतटलं,
डोळे कानातल्या सोन्याहून पिवळे झाले.
शेवटी शेवटी पहाटे उठून
घरातल्या सगळ्यांच्या चपला
पावाच्या भट्टीत ओळीनं मांडून ठेवायची.
मला ताई म्हणायची.

मी कागद पुढं केला. "इथं सही करा, काका."

त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला,
ओळीखाली बोट धरून.
"संमती," ते म्हणाले. "आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं."
मग बाही स्वतःच वर केली.

सिरिंजचं वेष्टन फाडल्याचा आवाज. ते दचकले.
"ही नंतर?"
"टाकून द्यायची."
"एकदाच वापरून?"
"एकदाच."

रिकामं वेष्टन त्यांनी उचललं,
डाव्या हातानं जमेल तशी घडी घातली,
झग्याच्या खिशात ठेवलं.

शीर मला पहिल्या प्रयत्नात सापडली नाही.
हात माझाच कापत होता.

"जरा खाली," ते म्हणाले. "अंगठ्यानं दाबून बघ.
घाई करू नकोस. रांग नाहीये."