नदी-पातळी

मगदूम सरांनी ती नदी सी भाषेत लिहिली होती
पाटबंधारे खात्यात असताना, डबा खाऊन झाल्यावर
उरलेल्या वीस-वीस मिनिटांत.
काठ इथे, पाणी इथे,
लाट साइनच्या कोष्टकातून, एकेक आकडा हाताने भरलेला.
फ्लॉपीवर चिठ्ठी: 'कृष्णा. चालते.'

मला ती ब्राउझरमध्ये चालवायची होती.
विश्रामबागेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस,
खाली भडंगवाला;
चार वाजता लसणीची फोडणी
जिना चढून थेट कीबोर्डवर येते.

कंपाइल करणं म्हणजे काय, हे सासूबाईंना सांगताना
मी हळदीवर आले.
कायलीत शिजवली, वाळवली, पिंपात घोळून पॉलिश केली
की कुठल्याही बाजारात जाते,
पण मातीत पुरली तर उगवत नाही.
त्या म्हणाल्या, "मग बेणं वेगळं काढलंस ना?"
काढलं होतं. सरांची मूळ फाईल, टिपांसकट,
तीन ठिकाणी.

आता तिला राहायला घटक हवा.
कुठल्याही ग्रामपंचायतीने आपल्या पानावर
एक ओळ लिहावी, आणि नदी हजर.
ब्राउझरची अट एवढीच, नावात जोडरेघ पाहिजे.
नुसत्या 'नदी'ला तो ओळख देत नाही,
'नदी-पातळी' म्हटलं की दार उघडतो.
माझंही बँकेत तसंच आहे:
सुव्रता उपाध्ये-चौगुले.

घटकाच्या आत सावली, सावलीच्या आत कॅनव्हास.
बाहेर पानभर गुलाबी अक्षरं फिरोत,
अभिनंदनाचे फलक लुकलुकोत,
त्यातला एकही रंग पाण्यात उतरत नाही.

तीन दिवस कोरं.
चूक नाही, तक्रार नाही, नुसता पांढरा चौकोन.
चौथ्या दिवशी लक्षात आलं
की घटक पानावर टेकायच्या आधीच
मी त्याला रुंदी विचारत होते.
तो शून्य सांगायचा. खरं तेच सांगायचा.
आणि शून्य रुंदीच्या पात्रात
सरांचं कोड इमानाने पाणी भरत होतं,
सेकंदाला साठ वेळा.

मग दोन ठेवून पाहिले, एकाच पानावर.
डावीकडे भिलवडी, उजवीकडे सांगली.
भिलवडीला दोन फूट चढवले
तर सांगलीही त्याच क्षणी दोन फूट चढली.
फाईलच्या डोक्यावर 'पातळी' नावाचा एकच चल,
दोघी त्याच एका भांड्यातून पीत होत्या.

सरांना फोन केला.
"माझ्याकडे यंत्र एक, पडदा एक.
दुसरी नदी कुठून आणणार होतो मी?"
जरा थांबून म्हणाले,
"आणि तसं बघितलं तर एकच आहे की गं ती.
मधले तास तेवढे वेगळे.
तेवढे तास ठेव म्हणजे झालं."

ठेवले.
प्रत्येक घटकाला स्वतःची स्मृती,
घटक पानावरून निघाला की ती सोडून द्यायची.
ही सोडायची ओळ मी विसरले होते,
आणि माझा लॅपटॉप संध्याकाळपर्यंत
न दिसणाऱ्या नद्यांनी गरम झाला होता.

रविवारी आयर्विन पुलावर गेले, मोबाईल घेऊन.
खांबावरचे आकडे वाचले, अकरा.
स्क्रीनवर अकरा.
खाली खांबाला वळसा घालताना पाणी
थोडं अडखळत होतं, आणि माझ्या हातातलंही.

कोष्टकातला एकतिसावा आकडा चुकलेला आहे.
दर लाटेला तिथे बारीकशी ठेच लागते.
मूळ फाईलमध्ये शेजारी सरांची टीप: 'तपासणे.'
तीस वर्षं कुणी तपासलेला नाही, मीही नाही.
टिपा कंपाइल होत नाहीत.
ठेच होते.