सावली अंगावर घेऊन

बॅलार्ड पियरच्या तिसऱ्या मजल्यावर,
चार पायांच्या भिंगावर ओणवी होऊन
मी नागपूरकडची माळरानं बघते.
दोन फोटो, एकच जमीन,
मधल्या क्षणात विमान जरा पुढे सरकलेलं.
डोळे ढिले सोडले की दोन्ही एकमेकांत विरघळतात
आणि कागद फुगतो.
हजारो वर्षांपूर्वी पुरलेलं कुणी
पाठ वर करतं.

सगळीच वर्तुळं थडगी नसतात,
मिस कुन्हा सांगायच्या, तोंडात वेलची.
हे खळं. बैलांनी फिरून फिरून घासलेलं, म्हणून पांढरं.
ही चुन्याची भट्टी, बघ, गाडीवाट तिच्यापाशी येऊन थांबलीय.
मेलेल्यांकडे इतकी रुळलेली वाट नसते.
ही नुसती बाभळीची सावली, सोड.
खाली दगडांचं कडं असेल
तर ज्वारी तेवढ्यात खुजी राहते,
आठवडाभर आधी पिवळी पडते.
आणि फोटो असा धरायचा, पोरी,
की सावली आपल्या अंगावर यावी.
उलटा धरलास तर डोळा फसतो.
टेकाडाचा खड्डा होतो.

मंगळवारी भलत्याच पाकिटातून
भांडुपचं मिठागर निघालं.
गोल ढीग, गवताने शाकारलेले, एका रांगेत.
नवशिक्याने लाल पेन्सिलीने
दफनभूमी म्हणून घेरले असते.
मला त्या ढिगांची चव माहीत आहे.

कडेला तारीख होती. मे महिना,
सकाळचे सात चाळीस.
सूर्य तेवढा खाली, म्हणजे उंची
सावलीच्या निम्म्याहून कमी.
सवयीने आकडेमोड केली. पुरुषभर.
सहाव्या ढिगाशी एक ठिपका
आणि ठिपक्याला पाव मिलिमीटरचं शेपूट.

तो जोमा भोईर, माझा बाप,
असं म्हणायला पुरावा नाही.
तिथे चाळीस जण खपायचे,
आणि इतक्या वरून
सगळ्यांची सावली सारखीच.
तरी मी भिंग हलवलं नाही.
वाकलेला नाही, एवढं दिसतं.
विमानाचा आवाज ऐकून
फावडं टेकून वर बघत असावा.

मिस कुन्हा जाऊन नऊ वर्षं झाली.
ओरडायला कुणी नव्हतं.
मी मुद्दाम फोटो फिरवला.

ढीग खचले.
ओळीने खड्डे,
आणि सहाव्याच्या काठाशी तो.

झटकन सरळ केला.
पंख्याखाली वहीची पानं दाबून धरून लिहिलं:
दफनस्थळ नाही. मीठ.
माणसासाठी त्या वहीत रकाना नाही,
आणि मी तो आखलाही नाही.

मग पाकिटाच्या कडेला जीभ लावली.
गोंद गोडसर होता.