केरसुणी

सहमच्या किनाऱ्यापासून आत, फलजच्या तिसऱ्या वळणावर
खल्फानचं लिंबाचं झाड.
दुरून भरगच्च. पोपटी.
नवखा म्हणेल, वा, काय पालवी!

जवळ गेल्यावर कळतं:
पानं मेथीएवढी,
एका डोळ्यातून चाळीस फुटवे,
काटा नाही, कळी नाही,
फांदीला उलटी टांगलेली केरसुणी.

"मकनसा," तो म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडे हिला पाय लागू देत नाहीत,
अमावास्येला हळदकुंकू वाहतात.
त्याने ऐकून घेतलं,
आणि खिशातून कात्री काढली.

कापून उपयोग नाही, खल्फान.
तो शेंड्यात राहत नाही.
सालीखालच्या गोड वाटेने फिरतो,
साखर जाईल तिथे जातो,
थंडीत मुळाशी,
उन्हं तापली की पुन्हा वर.
एका पेशीचा जीव, त्या पेशीलाही भिंत नाही,
म्हणून चाळणीच्या भोकातून जाताना
हवा तेवढा बारीक होतो.
उघड्यावर टाकला तर मरेल.
जगतो तो कुणाच्या तरी आत:
झाडाच्या, नाहीतर तुडतुड्याच्या.
गव्हाच्या दाण्याहून लहान तो तुडतुडा
एक घोट रस पितो, काही आठवडे पोटात वागवतो,
मग शेजारच्या पानात
लाळेबरोबर सोडून देतो.

माझ्या डब्यात बर्फ, नळ्या, चिरलेले देठ.
मी विचारलं, या झाडाची कलमं कुठे दिलीत?
तो बोटं मोजायला लागला.
शम्साच्या लग्नात दोन गुट्या, लिवाला.
रय्याला तीन, खाबूऱ्याला.
धाकटी नसरा मस्कतला, चौथ्या मजल्यावर,
तिला कुंडीत एक.
आजीच्या वेळची लूमी
त्यांच्याही आमटीत पडावी म्हणून.
"तेव्हा झाड चांगलं होतं."
दिसत होतं, मी म्हटलं,
आणि म्हणायला नको होतं.

फॉर्मवर रकाना होता: प्रसाराचं कारण.
मी लिहिलं, कीटक.
पुढे आणखी दोन ओळींची जागा होती.

त्याने नसराला फोन लावला.
पडद्यावर बाल्कनी, एसीचं थेंबथेंब पाणी, कुंडी.
तो काही बोलायच्या आत
तीच हसत म्हणाली,
बघा ना बाबा, या वर्षी
किती पालवी फुटलीय!

खल्फानने फोन माझ्याकडे वळवला.